१४ वर्षं ४ महिने

ताई, नमस्कार.

प्रश्न वाचून हसू नका. सहामाही परीक्षा संपली की ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही पाच जण अमेरिकेला निघालोय. मी, हे, सासूबाई, नववीतली लेक आणि चौथीतला धाकटा. आठ दिवस न्यू जर्सीला नणंदेकडे आणि मग ओरलँडोचं डिस्ने वर्ल्ड. लेकीला लहानपणापासून तिथल्या राजकन्यांचं वेड. त्यातली पुस्तकं वाचणारी बेल तिची लाडकी. (सासूबाई आधी महादेवाला वाहतात तो बेल समजल्या होत्या, तो किस्सा वेगळाच.) सासूबाईंनी एप्रिलपासून बसून, स्वतःची हळदी रंगाची रेशमी साडी कापून तिच्यासाठी बेलचा पायघोळ झगा शिवलाय. कळ्यांचा घेर, खांद्याला झालर, सगळं अगदी तसंच. तो घालून तिथे जायचं म्हणून लेक दिवस मोजतेय.

परवा नणंदेचा फोन आला. म्हणाली, वहिनी, तिथे १४ वर्षांच्या पुढे वेश करून आलेल्यांना आत सोडत नाहीत. आम्ही जाऊ तेव्हा लेक १४ वर्षं ४ महिन्यांची असेल. चार महिन्यांसाठी! हे म्हणतात, गेटवर १३ सांगायचं, तिची चण लहान आहे, जन्मदाखला कोण बघतंय. मला ते पटत नाही, पण लेकीला सांगायचीही हिंमत होत नाही. सासूबाईंना तर अजून काहीच बोललेले नाही. शिवाय धाकट्याला शिवजयंतीचा मावळ्याचा पोशाख न्यायचाय, तलवारीसकट. आणि सासूबाईंनी कालच विचारलं, मी नऊवारी नेसले तर चालेल ना तिकडे? मुळात हौसेला वयाची अट का असावी?

– एक आई, ठाणे

अहो, हसले. पण फक्त महादेवाच्या बेलापाशी.

तुमच्या नणंदेची माहिती बरोबर आहे, आणि तिनं ती विमानात बसायच्या आधी दिली म्हणून तिला एक साडी न्या. फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड असो की कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड, १३ वर्षांपर्यंतच्या मुलांनी वेश केलेला चालतो. १४ पूर्ण झाली की चालत नाही. यात 'चण लहान आहे', 'एकच दिवस', 'आजीनं शिवलाय' असलं काही मोजत नाहीत. चार महिन्यांचं दुःख मला कळतं. आपल्याकडे शाळाप्रवेशाच्या वयाची तारीख दोन दिवसांनी हुकली म्हणून एक अख्खं वर्ष थांबलेली मुलं आहेत. तारखेची रेघ मारली की कुणीतरी तिच्या पलीकडे पडणारच.

आधी तुमच्या यजमानांची युक्ती निकालात काढू, कारण ती मला ओळखीची आहे. एसटीचं अर्धं तिकीट १२ वर्षांपर्यंत. माझी आई वाहक जवळ आला की म्हणायची, "जरा वाकून बस." अशी वाकत वाकत मी तेरावं वर्ष पार केलं. एकदा कोल्हापूरहून पुण्याला येताना वाहकानं तिकीट फाडता फाडता सहज विचारलं, "कितवीत गं बाळ?" मी ताठ बसून म्हटलं, "आठवी ब." आईनं मुकाट्यानं उरलेले पैसे दिले आणि साताऱ्यापर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला तेव्हा राग आला तो या गोष्टीचा, की मी आठवीत गेल्याचा आनंद कुणालाच झाला नव्हता.

तुमच्या बाबतीत तर तिकिटाचंही निमित्त नाही. डिस्नेच्या हिशेबात ३ ते ९ वर्षांचं ते मूल आणि १० पासून पुढे सगळी मोठी माणसं. म्हणजे तुमची लेक तिकिटापुरती चार वर्षांपूर्वीच मोठी झाली. पैसे घ्यायचे तेव्हा दहाव्या वर्षी मोठं करायचं आणि झगा काढून घ्यायला मात्र १४ पर्यंत थांबायचं, हे गणित मला मोठं गमतीचं वाटतं. त्यांच्या राजवाड्यात मुलींना राजकन्येसारखं नटवून द्यायचं एक पार्लर आहे, बिबिडी बॉबिडी बुटीक. तिथली वयाची अट ३ ते १२. म्हणजे १३ वर्षांच्या मुलीनं घरून झगा घालून यावं, पण त्यांच्या खुर्चीत बसून वेणीफणी करून घ्यायला ती थोराड. एका कंपनीत तीन रेघा, आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी.

खोटं पचेलही कदाचित. पण पचलं तर काय होईल ते बघा. तुमच्या लेकीला दिवसभर १३ वर्षांची राहावं लागेल. कुणीही गणवेशवाला समोरून आला की तिच्या पोटात गोळा. शिवाय बरोबर चौथीतला भाऊ. चौथीतली मुलं स्वतःचं खोटं छान सांभाळतात, दुसऱ्याचं नाही. आणि नाही पचलं तर गेटवर अडवतील, कपडे बदलून या म्हणतील, आणि सहा महिने खपून शिवलेला झगा तिथल्या स्वच्छतागृहात पिशवीत कोंबताना तुमच्या सासूबाई बाहेर बाकावर बसून असतील. पैशाचं सोंग आणता येत नाही म्हणतात. वयाचंही फार वेळ आणता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. हौसेला वयाची अट का?

हौसेला नाहीच. आपल्याकडे तर मोठी माणसंच जास्त सोंगं काढतात. कोकणात शिमग्याला संकासुर होतो तो काही बालवाडीतला नसतो. दशावतारात मिशा भादरून, लुगडं नेसून उभा राहिलेला पन्नाशीचा गडी बघताना कुणी 'वय काय याचं' म्हणत नाही. पाडव्याच्या शोभायात्रेत डोंबिवली-गिरगावात नऊवारी, नथ आणि फेटा घालून बुलेटवर बसणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील, कदाचित त्यातल्या एक तुम्हीच असाल. त्यामुळे 'हे वय आहे का असले चाळे करायचं' असलं काही त्या नियमात आहे असं समजून लेकीला सांगायला जाऊ नका. तिला ते लागेल, आणि ते खरंही नाही.

मला यात बहुरूपी आठवतो. आमच्या वाड्यात यायचा. कधी डॉक्टर, कधी फौजदार. खाकी सदरा, कमरेला रुंद पट्टा, हातात मळकी वही. दारात उभा राहून आजोबांच्या नावानं "वॉरंट आहे, चला" म्हणून असा आवाज टाकायचा की आम्ही पोरं थेट कोठीच्या खोलीत. मग जरा वेळानं खाडकन सलाम ठोकायचा, हसायचा आणि म्हणायचा, "बहुरूपी हाय, माय." आई सुपातून जोंधळे घालायची. सोंग कितीही बेमालूम असू दे, शेवटी ओळख द्यायचीच, हा त्याच्या धंद्याचा धर्म. ओळख दिली नाही तर तो बहुरूपी राहत नाही, तोतया होतो.

डिस्नेत बरोबर उलटं आहे. तिथला वेशातला माणूस ओळख कधीच देत नाही. तिथे नोकरांना नोकर म्हणत नाहीत, कास्ट मेंबर म्हणतात, म्हणजे नाटक कंपनीतले नट. लोकांसमोर उभं राहणं म्हणजे ऑनस्टेज आणि मागे जाणं म्हणजे बॅकस्टेज. बेलचं काम करणारी मुलगी नोकरीबद्दल बाहेर बोलताना 'मी बेल आहे' म्हणत नाही, 'माझी बेलशी मैत्री आहे' म्हणते. हे सोवळं ते कुठवर पाळतात याचा एक नमुना सांगते. कॅलिफोर्नियातलं पहिलं पार्क १९५५ साली उघडलं. तिथे म्हणे खुद्द वॉल्ट डिस्नेला एकदा एक काउबॉय आपल्या कामावर जाताना भविष्यकाळाच्या देखाव्यातून चाललेला दिसला आणि त्याचं डोकं उठलं. पुढे १९७१ साली फ्लोरिडात मॅजिक किंगडम बांधलं तेव्हा खाली माणसांच्या येण्याजाण्याचे बोगदे केले आणि त्यावर, एक मजला उंच, पार्क रचलं. तुम्ही तिथे ज्या रस्त्यावरून चालाल तो खरं तर वरचा मजला आहे. एक काउबॉय चुकीच्या जागी दिसू नये म्हणून जी मंडळी अख्खा मजला बांधतात, ती तुमच्या लेकीला बेलच्या झग्यात, हातात पॉपकॉर्नची बादली घेऊन, भावावर खेकसताना मोकळी फिरू देतील का?

तुमच्या लेकीच्या जागी स्वतःला उभं करून बघा. हळदी रेशमाचा झगा, केसांचा अंबाडा. चार वर्षांची कुणी मुलगी सह्यांची वही घेऊन धावत येते. तिला तुमच्या लेकीचा चेहरा दिसत नाही, पिवळा घेर दिसतो. आता काय करायचं? सही द्यायची? वेशात आलेल्या पाहुण्यांनी सह्या द्यायच्या नाहीत आणि लोकांबरोबर फोटोसाठी उभंही राहायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. मग काय सांगायचं, 'मी ठाण्याची, नववी क'? त्या पोरीचं तोंड कसं होईल? नऊ वर्षांच्या मुलीनं तोच झगा घातला तर हा घोळ होत नाही. दोन पोरी एकमेकींकडे बघतात, आईला बोटानं दाखवतात आणि पुढे जातात. लहान मुलानं वेश केला की तो वेश दिसतो. मोठ्यानं केला की माणूस दिसेनासा होतो.

दुसरं कारण सरळ सुरक्षेचं आहे. मोठ्यांच्या वेशाला आधीही फारसं उत्तेजन नव्हतंच. पॅरिस आणि कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो इथल्या दहशतवादी हल्ल्यांनंतर, डिसेंबर २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या दोन्ही डिस्ने पार्कांच्या दारात मेटल डिटेक्टर बसले, खेळण्यातल्या बंदुका दुकानांतून काढून टाकल्या आणि १४ वर्षांपासून पुढे वेश नाही हेही तेव्हाच बजावून सांगण्यात आलं. घेराच्या सहा थरांखाली काय आहे हे रोज हजारो माणसांचं तपासत बसणं कुणालाच परवडणारं नाही.

या सगळ्यात कंपनी अगदी धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र मी म्हणणार नाही. २०१९ मध्ये त्यांनी स्टार वॉर्स या सिनेमांचं अख्खं गाव उभं केलं. तिथल्या दुकानात सिनेमातल्या जेडाय योद्ध्यांचे झगे टांगलेले, भरपूर डॉलर मोजून घ्या, पण मोठ्या माणसानं तो पार्कात अंगावर चढवायचा नाही. विकायचं आणि घालू द्यायचं नाही! आपल्याकडचा दुकानदार असं वागला असता तर गिऱ्हाइकानं भर रस्त्यात पंचनामा केला असता.

आता १४ या आकड्याचं. तुम्हाला तो लेकीकडून काहीतरी काढून घेणारा आकडा वाटतोय. त्याच पार्काच्या नियमांत तो आणखी एका ठिकाणी येतो. १४ वर्षांखालच्या मुलाला तिथे एकट्यानं आत सोडत नाहीत. बरोबर कुणीतरी १४ किंवा त्यापुढचं लागतं. आईबापच हवेत असं नाही, १४ वर्षांचं कुणीही चालतं. सात वर्षांखालच्या मुलाला पाळण्यात बसवायचं तरी सोबत १४ वर्षांचं माणूस हवं. म्हणजे ज्या वाढदिवसाला तिचा झगा गेला, त्याच वाढदिवसाला तिला धाकट्याचं बोट धरून त्याला आत न्यायचा अधिकार मिळाला. तुम्ही दोघं आणि सासूबाई हॉटेलात पाय पसरून चहा घ्या, ती भावाला घेऊन जाऊ शकते. (घेऊन जाऊ द्यायचं की नाही हा तुमचा प्रश्न. मी असते तर पहिल्या दिवशी दिलं नसतं, तिसऱ्या दिवशी दिलं असतं.)

आमच्या आळीत गोकुळाष्टमीला कृष्ण व्हायचं काम सलग चार वर्षं माझ्याकडे होतं. निळ्या रंगाला घरात टिनोपॉलच्या शेजारी ठेवलेली नीळ असायची. पाचव्या वर्षी सकाळी मी मुकुट मागायला गेले तर काकू म्हणाली, "तू आता मोठी झालीस, या पिंट्याला बांध." मी रडले नाही, पण फुगले. त्याच्या कपाळाला मुकुटाची दोरी बांधताना मुद्दाम आवळली. तो ओरडला नाही. डोळे गच्च मिटून उभा होता, कारण त्याला वाटत होतं की आपण आता खरंच कृष्ण होणार. मग मी दोरी सैल केली, मोरपीस नीट खोचलं आणि त्याला आरसा दाखवला. त्याचा तो चेहरा मला आजही आठवतो. मला चार वर्षांत स्वतःचा असा चेहरा कधी दिसला नव्हता, कारण मी आत होते.

म्हणून आधी लेकीशी बोला. आजच, जेवणं झाल्यावर, नणंदेचं नाव सांगून. 'आत्या असं म्हणाली, मी नियम बघितला, तो खराच आहे' एवढं पुरे. रडेल, चिडेल, 'मग मला यायचंच नाही' म्हणेल. म्हणू द्या. लगेच तोडगे मांडायला बसू नका, नाहीतर तिला वाटेल तुमचं आधीच ठरलंय. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सांगायचं काम तिच्यावर सोपवा. माझा अंदाज असा की सासूबाई तुम्हाला वाटतंय तेवढ्या दुखावणार नाहीत. ज्या बाईनं स्वतःच्या रेशमी साडीला कात्री लावली तिला कपड्याचं काय होतं नि काय नाही याची माहिती आपल्यापेक्षा जास्त असते.

तोडगे मात्र आहेत, आणि तुमच्या तारखा चांगल्या आहेत. मॅजिक किंगडममध्ये ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरावीक संध्याकाळी हॅलोविनची, म्हणजे तिकडच्या सोंगं काढायच्या सणाची, पार्टी असते, मिकीज नॉट सो स्केअरी हॅलोविन पार्टी. १९९५ पासून चालू आहे. या पार्टीला मोठ्यांनाही वेश करून यायची मुभा. तिथे तुमच्या लेकीचा झगा अधिकृतपणे चालेल, कारण त्या रात्री सगळेच सोंगात असतात आणि खरी बेल कोण याचा गोंधळ होत नाही. अटी तिथेही आहेत. १४ पासून पुढे मुखवटा नको. पाठीवरची केप कमरेखाली यायला नको. आणि हे नीट वाचा: कपडा जमिनीला टेकता कामा नये. म्हणजे सासूबाईंचा पायघोळ झगा आहे तसा चालायचा नाही, घोट्याच्या वर घ्यावा लागेल. तिकीट वेगळं, दिवसाच्या तिकिटात ते धरलेलं नसतं. माणशी शंभर डॉलरच्या वरच जातं आणि ३१ तारीख जवळ आली की आणखी चढतं. पाचांचं काढलंत तर यजमान मला शिव्या देतील. लेक आणि तुम्ही अशा दोघीच गेलात तरी चालेल, धाकट्याला आणि त्याच्या बाबांना त्या रात्री हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात सोडा. तारखा आधी बघा, सगळ्या रात्री पार्टी नसते आणि तिकिटं संपतात.

पार्टी परवडत नसेल तर दुसरा मार्ग फुकटातला आहे, आणि खरं सांगू, मला तोच जास्त आवडतो. २०११ मध्ये लेस्ली के नावाच्या मुलीनं इंटरनेटवर डिस्नेबाउंडिंग नावाचा प्रकार सुरू केला. वेश करायचा नाही. आपले रोजचेच कपडे असे जुळवायचे की जाणकाराला पाहताक्षणी कळावं आणि बाकीच्यांना नुसती नीटनेटकी मुलगी दिसावी. याला कुणी अडवत नाही, वयाचीही अट नाही, सत्तरीच्या आजोबांनाही करता येतो. बेलसाठी काय लागेल? पिवळा गुडघ्याएवढा स्कर्ट किंवा साधा पिवळा कुर्ता. केसात एक लाल गुलाब. खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीतून डोकावणारं पुस्तक. बस्स. आजीच्या साडीचे तुकडे नक्की उरले असतील, त्यातल्या काठाचा केसांचा पट्टा करा. त्या पट्ट्याला हात लावून तुमची लेक तिथल्या खऱ्या बेलसमोर उभी राहिली, की काम करणाऱ्या मुलीला ते एका नजरेत कळेल. तिची जी दाद मिळेल ती त्या झग्याला मिळाली नसती, कारण झगे ती दिवसभर बघते. ऑक्टोबरच्या शेवटालाही ओरलँडोची दुपार तिशीच्या आसपास, वर दमट. आपल्या ऑक्टोबर हीटमध्ये लग्नाचा शालू नेसून दादरच्या बाजारात तीन तास फिरायचं असं समजा. कुर्ता बरा.

एवढ्यावरही तिला झगाच घालून फिरायचं असेल आणि तिला जादूगारांची गोष्ट आवडत असेल, तर त्याच गावात युनिव्हर्सलचं पार्क आहे. तिथे २०१० पासून हॅरी पॉटरचा विभाग आहे आणि काळे झगे घालून पन्नाशीची माणसं घामाघूम होऊन फिरत असतात, कुणी हटकत नाही. का? मला वाटतं त्याचं उत्तर सोपं आहे. तो शाळेचा गणवेश आहे. तो घातला की तुम्ही हॅरी होत नाही, त्याच्या शाळेतलं एक पोर होता. पोरं कितीही असली तरी शाळा बिघडत नाही. मात्र तिथल्या हॅलोविनच्या रात्रींना, ज्या खरोखर भीतिदायक असतात, कुणालाच वेश चालत नाही. डिस्नेत हॅलोविनलाच परवानगी आणि यांच्याकडे हॅलोविनलाच बंदी, तेव्हा दोन्हीची सरमिसळ करू नका.

धाकट्याचं झटपट. तो नऊ-दहा वर्षांचा, त्याला मावळा होऊन जायला काहीच हरकत नाही. मुखवटा नाहीच, मिशी काजळानं काढा. तलवार गत्त्याची आणि चंदेरी कागद लावलेली असेल तर प्रश्न नसावा, खेळण्यातल्या तलवारी त्यांना चालतात. लोखंडी पात्याची, किंवा लांबून खरी वाटेल अशी असेल तर ती ठाण्यातच राहू द्या, आणि ढालीबरोबर जी छोटी कट्यार देतात तीसुद्धा. विमानात तलवार हातातल्या पिशवीत ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका. मुंबईच्या विमानतळावर सीआयएसएफच्या जवानाला गत्त्याच्या तलवारीचा इतिहास समजावत उभं राहायची वेळ येऊ नये. आणि पोराला आधीच सांगून ठेवा की शेवटचा शब्द गेटवरच्या माणसाचा. तो ठेव म्हणाला तर ठेवायची, तिथे पावनखिंड लढवायची नाही.

सासूबाईंना सांगा, खुशाल नेसा. नऊवारी हा पोशाख आहे, वेश नाही. त्या रोज जे नेसतात किंवा सणाला जे नेसतात ते त्यांचे कपडे. बेलचा झगा लेकीनं रोज घरात घातला तरी तो बेलचाच. खरं म्हणजे पाळण्यात बसायला पाचवारीपेक्षा कासोटा घातलेली नऊवारी बरी, पायात काही येत नाही. पदर कमरेला घट्ट खोचून घ्या, पायात चपलेऐवजी बूट. त्या पार्कात दिवसाला दहा-बारा हजार पावलं सहज होतात आणि नवी चप्पल पहिल्या दोन हजारांत चावते. कुणी लहान पोरगी त्यांच्याकडे टक लावून बघत राहिली आणि फोटो मागितला, तर त्या काढू शकतात. त्यांना कुणी दुसरीच समजण्याचा धोका नाही.

आणि झगा पार्टीसाठी वर घ्यायचा ठरला, तर खालचा घेर कापू नका. आत दुमडा आणि हातानं कच्ची टीप घाला, मशीनची नको. रेशमावर मशीनची टीप उसवली की भोकांची ओळ राहते. नववीतली मुलगी अजून दोन इंच तरी उंच होणार आहे.